नाणेघाटातली हिशेबाची भिंत

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने निघालं, की टोकावड्यापुढे वैशाखरे लागतं. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी इथूनच ट्रेकर मंडळी पाठीवर सॅक टाकून नाणेघाट चढू लागतात. कुणाला वाऱ्याने उलटा फिरणारा धबधबा बघायचा असतो, कुणाला नानाच्या अंगठ्याच्या कड्यावरून दोर लावून उतरायचं असतं. घाटमाथ्यावरच्या जीवधन किल्ल्याशेजारचा वानरलिंगी सुळका तर कसलेल्या प्रस्तरारोहकांचा. या धांदलीत घाटमाथ्याच्या जरा खालची गुहा बहुतेकांच्या लेखी डबा खायची जागा असते.

गुहा म्हटलं की छतावरून लोंबणारी चुनखडीची झुंबरं आठवतात. आंध्रातल्या बोरा किंवा बेलम गुहांत ती आहेत. तिथे पाणी चुनखडी विरघळवत जातं आणि थेंबाथेंबाने परत साठवतं. सह्याद्रीत ते जमत नाही. हा काळा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पाणी त्याला झिजवतं, चुनखडीसारखं विरघळवत नाही. म्हणून इथली लेणी छिन्नीनेच घडवावी लागली. नाणेघाटाची गुहाही तशीच, आणि तीही देवासाठी नव्हे, वाटेसाठी कोरलेली.

ही वाट जुन्नरची. सातवाहनांच्या काळात देशावरचा माल याच घाटाने कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचं नाव येतं. माथ्याजवळच्या खिंडीत दगडात कोरलेला भलामोठा रांजण आजही उभा आहे. जकातीची नाणी त्यात पडत, असं लोक सांगत आले. काठावरून हात फिरवला, की दोन हजार वर्षांचा गुळगुळीतपणा बोटांना कळतो.

गुहेच्या डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत मोठा लेख आहे. तो सातवाहन राजा सातकर्णीची राणी नागनिका हिचा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना वंदन आहे. पुढे यज्ञांची यादी येते: अश्वमेध, राजसूय आणि असे कितीतरी. प्रत्येकाची दक्षिणा आकड्यांत कोरलेली. कुठे 1,700 गाई आणि 10 हत्ती, कुठे 24,400 ही रक्कम. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनांपैकी हे एक. शून्य अजून आलेलं नाही. दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हं आहेत आणि शंभराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडलं की चारशे होतात.

मागच्या भिंतीवर एके काळी राजघराण्याच्या मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, नायनिका (म्हणजे नागनिकाच) आणि सातकर्णी, कुमार, महारठी... त्यांची नावं डोक्यावर कोरलेली राहिली, मूर्ती मात्र फुटल्या. आता खाली पावलांचे जेमतेम अवशेष दिसतात. मन खरं हेलावतं ते इथे.

1828 च्या सुमारास कर्नल साइक्स इथे पोहोचले आणि लेखाची माहिती इंग्रजी अभ्यासकांपर्यंत गेली. पण अक्षरन् अक्षर नीट लावण्याच्या कामात मोठा वाटा जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा. प्राचीन लेखांचे अभ्यासक भाऊ दाजी यांच्याकडे तयार झालेला हा माणूस आयुष्यभर लेणी आणि शिलालेख धुंडाळत राहिला. 1883 मध्ये जर्मन अभ्यासक ब्यूलर यांनी लेखाचं सविस्तर वाचन प्रसिद्ध केलं. इथल्या एका छोट्या लेखात पाण्याच्या टाक्याचं दान नोंदवलंय. देणारा राजा नव्हे, दमघोष नावाचा गृहस्थ. तहानलेल्या वाटसरूची आठवण ठेवणारा हा माणूस राणीच्या यज्ञांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

पुढे व्यापार दुसरीकडे वळला. 1863 मध्ये बोरघाटातून आणि 1865 मध्ये थळघाटातून रेल्वे वर चढली, आणि बैलांच्या पायांखालची फरसबंदी शांत झाली.

या गुहेत डबा उघडायला काहीच हरकत नाही. वाटसरूंच्या विसाव्याचीच ती जागा. पण भिंतीला पाठ टेकवू नये, खडूने आपलं नाव लिहू नये, दगडाने कोरू नये. जिथे कोरलं गेलंय, तिथे नागनिकेच्या लेखातली अक्षरं कायमची बुजली. बॅटरी भिंतीशी तिरकी धरली, की झिजलेल्या ओळी सावल्यांतून वर येतात. पंधरा मिनिटं तशी द्यावीत, मग बाहेरच्या टाक्यांपाशी थांबून वैशाखऱ्याची वाट धरावी.