तळ्याकाठचे भारत भवन आणि तिथली माणसे

भोपाळचे भारत भवन आपल्याकडच्या नाटकवाल्यांना आणि चित्रकारांना ठाऊक असते, बाकीच्यांना फारसे नाही. पण कला अकादमीच्या मोकळ्या वाटेने चालत चालत मांडवीच्या काठापर्यंत ज्याने एखादी तरी संध्याकाळ घालवली आहे, त्याला भारत भवनात परके वाटणार नाही. दोन्ही वास्तू एकाच माणसाच्या, चार्ल्स कोरिया यांच्या. जन्म सिकंदराबादचा, १९३० चा. कामाचे गाव मुंबई. कूळ मात्र आपल्या बार्देशातल्या मयड्याचे. कांपालची कला अकादमी आणि भोपाळचे भारत भवन ही कामे त्यांच्या हातून जवळजवळ एकाच काळात झाली. भारत भवन १९८२ मध्ये उघडले, अकादमीची वास्तू १९८३ मध्ये.

भोपाळला मी प्रथम गेलो तेव्हा रिक्षावाल्याने श्यामला टेकडीवर एका फाटकाशी सोडले आणि मी इमारत शोधू लागलो. इमारत दिसेचना! दिसत होते ते फक्त अंगण आणि पलीकडे बडा तलाव. मग लक्षात आले की ती टेकडीच्या उतारात जमिनीखाली उतरत गेली आहे. गच्चीवरून पायऱ्या उतरायच्या, चौकात यायचे, पुन्हा पायऱ्या, पुन्हा चौक. दालने त्या चौकांच्या कडेने, आणि उजेड वरून, काँक्रीटच्या झरोक्यांतून येणारा. बहिरंग नावाचे खुले प्रेक्षागृह थेट तळ्याच्या दिशेने उघडते. मोठेपणाचा आव कुठेच नाही. आपल्याकडच्या देवळाच्या पावठण्या उतरून तळीवर जावे तसे माणूस सहज खाली जातो.

पण वास्तूचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. मला सांगायचे आहे ते त्या वास्तूत पहिल्या आठ वर्षांत काय घडले त्याबद्दल.

१३ फेब्रुवारी १९८२ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते भारत भवनाचे उद्घाटन झाले. मुख्यमंत्री होते अर्जुन सिंह. यामागची धडपड होती अशोक वाजपेयी या हिंदी कवीची, जो पेशाने सनदी अधिकारी होता. कवी आणि अधिकारी एकाच देहात सापडणे ही तशी दुर्मीळ गोष्ट. (आपल्याकडे अधिकारी पुष्कळ आहेत, कवी तर त्याहून जास्त!) या गृहस्थाने एक शहाणपणा केला. प्रत्येक विभाग त्या त्या कलेतल्या माणसाच्या हाती दिला. चित्रकलेचे संग्रहालय ‘रूपंकर’ जगदीश स्वामिनाथन यांच्याकडे, नाटकाचे ‘रंगमंडल’ ब. व. कारंत यांच्याकडे. कवितेसाठी ‘वागर्थ’, संगीतासाठी ‘अनहद’.

स्वामिनाथन हा विलक्षण माणूस. तमिळ घरातला, जन्म सिमल्याचा, तरुणपणी कम्युनिस्ट, पुढे ‘ग्रुप १८९०’ या चित्रकारांच्या गटातला प्रमुख. संग्रहालय उभे करायचे म्हटल्यावर दुसऱ्या कोणी दिल्ली-मुंबईच्या कलादालनांना पत्रे धाडली असती. स्वामिनाथननी कलेच्या विद्यार्थ्यांच्या तुकड्या केल्या आणि त्यांना मध्य प्रदेशच्या आदिवासी गावांत पाठवले. तेव्हा छत्तीसगडही त्याच राज्यात होते. काय बनवतात, भिंतीवर काय काढतात, कोण काढते, ते बघून या आणि घेऊन या. त्या शोधात मंडला भागातल्या पाटणगढ गावी एका घराच्या भिंतीवर एक चित्र दिसले. काढणारा विशीच्या आसपासचा पोरगा, जनगढ सिंह श्याम. परधान गोंड जमातीचा. हे परधान म्हणजे गोंडांचे गायक. बाना नावाचे तंतुवाद्य वाजवत बडा देवाची आणि यजमानांच्या कुळाची गाणी म्हणणारे. यजमान गरीब झाले तशी गाणीही विरळ झाली. स्वामिनाथन या पोराला भोपाळला घेऊन आले, हाती कागद आणि रंग दिले. जी दैवते आजवर गाण्यात होती, ती कागदावर उतरू लागली.

दुसरी गोष्ट भूरी बाईची. झाबुआकडच्या पिटोल गावची ही भिल्ल बाई भारत भवनाच्या बांधकामावर मजूर होती. डोक्यावरून दगडमाती वाहत होती. स्वामिनाथननी तिथल्या मजुरांना विचारले, तुमच्या घरी भिंतीवर काय काढता, ते इथे काढून दाखवाल का? भूरी बाईने काढून दाखवले. जी वास्तू तिने उचलून उभी केली तिच्याच आत तिची चित्रे लागली. २०२१ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. मला ही गोष्ट कितीदा सांगितली तरी कंटाळा येत नाही.

रूपंकरमध्ये शहरातल्या नावाजलेल्या चित्रकारांची कामे आणि आदिवासींची कामे एकाच छपराखाली, एकाच मानाने मांडली गेली. आदिवासी कला ही जुनीपुराणी वस्तू नव्हे, ती आजच्या माणसाने आज केलेली कला आहे, असे स्वामिनाथन यांचे म्हणणे. तेव्हा ते पुष्कळांना रुचले नाही.

आता कारंतांकडे येऊ. दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या खेड्यात जन्मलेला हा माणूस लहानपणीच घरातून पळून गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीत शिरला. पुढे काशीला जाऊन हिंदी शिकला, ओंकारनाथ ठाकूरांकडे गाणे शिकला, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकला आणि त्याच विद्यालयाचा संचालकही झाला. तिथून भोपाळला. रंगमंडल ही पगारी नटांची कंपनी होती. रोज यायचे, रोज गायचे, रोज अंग मोडून तालीम करायची. स्पर्धेच्या आधी दोन महिने रात्री आठनंतर जमणाऱ्या आपल्या मंडळींना हे ऐकून हेवा वाटेल. मला वाटला. कारंत मोठे संगीतकार. हाताला लागेल त्या वस्तूतून नाद काढायचे. शुद्ध, संस्कृतप्रचुर हिंदीत नाटक करण्याऐवजी त्यांनी त्या प्रदेशातल्या बोलींना रंगमंचावर मान दिला. तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ही रंगमंडलाने हिंदीत केले.

१९८३ मध्ये पूर्व जर्मनीतल्या वायमारचे दिग्दर्शक फ्रिट्स बेनेविट्स यांनी रंगमंडलाकडून ब्रेख्तचे ‘कॉकेशियन चॉक सर्कल’ बुंदेलीत बसवून घेतले. हेच नाटक आपल्याला ठाऊक आहे. विजया मेहतांनी सत्तरीच्या दशकात याच बेनेविट्सबरोबर ते मराठीत केले होते, ‘अजब न्याय वर्तुळाचा’, आणि रूपांतर होते चि. त्र्यं. खानोलकरांचे. म्हणजे आपल्या शेजारच्या वेंगुर्ल्याचे. मूल कोणाचे, जन्म देणारीचे की वाढवणारीचे, हा त्या नाटकाचा प्रश्न. तो बुंदेलीत विचारला गेला तेव्हा मालवणी मुलखातल्या माणसाचे मराठी त्याच्या आधी एक दशक तिथे पोचले होते, याची मला उगाचच मौज वाटते.

संगीताचा विषय निघाला की कुमार गंधर्वांचे नाव घ्यावेच लागते. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा मुलगा आजारपणामुळे माळव्यात देवासला गेला आणि तिथलाच झाला. देवास भोपाळपासून लांब नाही. भारत भवनाशी कुमारांचे घरोब्याचे नाते होते. वाजपेयींनी त्यांच्यावर कवितांचे एक आख्खे पुस्तक लिहिले आहे, ‘बहुरि अकेला’. मल्लिकार्जुन मन्सूरही वाजपेयींचे दैवत. बेळगाव-धारवाडच्या मातीतले हे दोन गवई हिंदी कवींना इतके जवळचे वाटले, तेव्हा आपण सीमेच्या कुठल्या बाजूला कोण यावर वाद घालत बसलो होतो. असो.

आता थोडे कडू. डिसेंबर १९८४ मध्ये त्याच शहरात वायुकांड झाले. तळ्याच्या एका काठावर कविता आणि नाटके, आणि शहराच्या जुन्या वस्तीत हजारोंचा मृत्यू. कलेवर एवढा पैसा कशाला, हा प्रश्न त्यानंतर अधिक धारदार झाला, आणि तो अगदीच गैरलागू नव्हता. १९८६ मध्ये कारंतांचा भोपाळचा काळ संपला. १९८९ मध्ये जागतिक कविता समारोह थाटात झाला. १९९० मध्ये राज्यात सत्ता बदलली, वाजपेयींचे पर्व सरले, स्वामिनाथनही त्याच वर्षी गेले. भारत भवन बंद पडले नाही. कार्यक्रम होत राहिले, वर्धापनदिन साजरे होत राहिले. पण पहिल्या आठ वर्षांची ऊब नंतर परतली नाही, असे तिथले जुने रसिक सांगतात आणि मला ते खरे वाटते. भिंती त्याच, झरोके तेच.

म्हणूनच आपल्या कला अकादमीबद्दलची चर्चा ऐकताना मला भोपाळ आठवते. दुरुस्तीसाठी वास्तू बंद झाली, जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले, त्याच वर्षी नोव्हेंबरात दारे पुन्हा उघडली, आणि मग ध्वनी, प्रकाश, गळती यांच्या तक्रारी. कलाकार रस्त्यावर आले ते योग्यच केले. दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात भिंतीवरच्या मारियोच्या चित्रातले प्रेक्षक आपल्याकडे बघत असताना ज्याने केसरबाई केरकर समारोहातले गाणे ऐकले आहे, त्याचा जीव तुटणारच. पण या सगळ्या गदारोळात एक प्रश्न कोणी फारसा विचारत नाही. छत नीट झाले, आवाज नीट झाला, की आत कोण आणि कोणाच्या भरवशावर काम करणार? सत्तरीचे रणमाले, पेडण्याचा दशावतार, धालो, जागर, देवळांच्या भिंतींवरची कावी, हे सारे विनायक खेडेकरांसारख्या अभ्यासकांनी गावोगाव फिरून नोंदवून ठेवले आहे. नोंद झाली. पण कावी काढणाऱ्या एखाद्या हाताला आपण स्वामिनाथनांसारखा कागद दिला का? रणमाल्यातल्या एखाद्या पोराला महिन्याचा पगार देऊन पाच वर्षे नुसते नाटक कर म्हणून सांगितले का? लोककलाकाराला आपण महोत्सवात बोलावतो, फेटा बांधतो, शाल घालतो आणि रात्रीच्या बसने घरी पाठवतो.

जनगढची गोष्ट मात्र अर्धीच सांगितली. भारत भवनाच्या ग्राफिक विभागात त्याला काम मिळाले. १९८६ मध्ये मध्य प्रदेश सरकारचा शिखर सन्मान, १९८९ मध्ये पॅरिसच्या पोंपिदू केंद्रातल्या गाजलेल्या प्रदर्शनात स्थान. कोरियांनीच बांधलेल्या भोपाळच्या विधान भवनाच्या भिंतींवर त्याची चित्रे आहेत. त्याच्या घरी पाटणगढचे भाऊबंद येऊन राहिले, त्याच्या चित्रांतले ठिपके भरता भरता शिकले आणि चित्रकार झाले. आज ज्याला गोंड चित्रकला म्हणून जग ओळखते, ती मुख्यत्वे या एका घरातून निघाली. जाणकार तिला जनगढ कलम म्हणतात.

२००१ मध्ये तो जपानमधल्या एका संग्रहालयात चित्रे काढायला गेला होता. मुक्काम लांबला. घरी परतायची ओढ त्याच्या पत्रांतून दिसत होती. जुलै महिन्यात त्याने तिथेच आपले जीवन संपवले. वय चाळिशीच्या आत-बाहेर. ज्यांनी त्याला भिंतीवरून कागदावर आणले ते स्वामिनाथन १९९४ मध्येच वारले होते. त्याच्या मृत्यूनंतर पुष्कळ लिहिले गेले, आदिवासी कलावंताला परदेशी पाठवताना त्याच्या पाठीशी कोण असते यावर सभाही झाल्या.

जनगढ याआधीही जपानला जाऊन आला होता, ऐंशीच्या दशकात. त्या सुमारास मुलगी झाली म्हणून त्याने तिचे नाव ठेवले जापानी. ती भोपाळलाच वाढली, बापाची चित्रे बघत शिकली आणि चित्रकार झाली. तिची पुष्कळशी चित्रे फक्त काळ्या आणि पांढऱ्या रंगांत आहेत.