कोरांटी : हेमंतातील अन्नछत्र

परतीचा पाऊस सरला की डोंगरउतारांवरील तेरडा, सोनकी यांचा बहर ओसरू लागतो. पळस-पांगारा फुलण्यास अद्याप अवकाश असतो. मधमाश्या व फुलपाखरांसाठी ही टंचाईची वेळ. नेमकी याच काळात कोरांटी फुललेली असते.

कोरांटी (बार्लेरिया प्रिओनायटिस) हे अबोली व अडुळसा यांच्या कुळातील, मूळचे आपल्याकडील बहुवर्षायू झुडूप. उंची १ ते १.५ मीटर, पानांच्या बगलेत अणकुचीदार काटे आणि पावसाळ्याच्या अखेरीपासून थंडीभर येणारी पिवळी फुले, ही तिची ओळख. आयुर्वेदात ती ‘सहचर’ वा ‘सैरेयक’ म्हणून ज्ञात आहे. दातांच्या विकारांवरील उपयोगामुळे तिला ‘वज्रदंती’ असेही म्हणतात.

फुलातील मध लांब नळीच्या तळाशी असल्याने तो सूर्यपक्षी, फुलपाखरे व लांब सोंडेच्या भुंग्यांना सहज मिळतो. नळीबाहेर डोकावणाऱ्या दोन पुंकेसरांवरील पराग मधमाश्या वेचतात. ‘यलो पॅन्सी’ व ‘लेमन पॅन्सी’ या फुलपाखरांच्या अळ्यांचे हे खाद्यही आहे. म्हणूनच पाने कुरतडलेली दिसताच कीटकनाशक फवारू नये; अळ्या मेल्या तर फुलपाखरे कोठून येणार?

लागवड सोपी आहे. जून-जुलैमध्ये अर्धपक्व फांदीचे १० ते १५ सेंटिमीटर लांबीचे छाट लावावेत किंवा बी पेरावे. पिकलेले बोंड पाण्याचा स्पर्श होताच तडकते व बी दूर फेकले जाते. त्यामुळे बोंडे कोरडी असतानाच गोळा करावीत. भरपूर ऊन आणि निचऱ्याची माती एवढीच तिची अपेक्षा. गच्चीवर १२ इंची कुंडीही पुरते. मुळे रुजल्यावर पाणी बेतानेच द्यावे. काट्यांमुळे झाड लहान मुलांच्या वाटेपासून दूर असावे.

खरी चूक होते ती छाटणीत. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत सोसायटीच्या आवारातील कुंपण सरसकट कापले जाते. त्यासोबत कळ्याही जातात आणि वर्षभराची मेहनत पाखरांच्या उपयोगी पडत नाही. छाटणी बहर संपल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी. तोवर कुंपण थोडे अस्ताव्यस्त दिसले तरी चालेल. थंडीच्या दिवसांत त्या पिवळ्या फुलांवर अनेकांचे पोट भरत असते.