गेटपर्यंतची महापालिका

मुंबई महापालिकेच्या विभागांना जी इंग्रजी अक्षरं दिली आहेत, त्यांत शहराच्या वाढीचा क्रम आयताच नोंदला गेला आहे. ए ते जी ही अक्षरं कुलाब्यापासून माहीम-धारावीपर्यंतच्या जुन्या शहराची. खाडी ओलांडली की वांद्र्याला एच, अंधेरीला के, कुर्ल्याला एल, आणि तसंच पुढे बोरिवली-दहिसरला आर, मुलुंडला टी. १९५० मध्ये पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंतचा आणि पूर्वेला भांडुपपर्यंतचा भाग महापालिकेत आला. १ फेब्रुवारी १९५७ पासून हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. म्हणजे १८८८ चा महापालिका कायदा, १८९२ चं तानसाचं पाणी, प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे रुंद रस्ते, हा ज्याला आपण मुंबईचा नागरी इतिहास म्हणतो तो बहुतांशी खाडीच्या अलीकडचाच. विजेचंही तेच. शहरात बेस्ट, तर उपनगरांत १९२९ साली निघालेली वेगळी कंपनी. कंपनीचे मालक बदलले, पण माहीमची खाडी ओलांडली की विजेच्या बिलावरचं नाव बदलतं ते आजही.

शहर आणि उपनगर यांच्यातला हा फरक केवळ उशिराचा नाही, नागरिक आणि महापालिका यांच्यामध्ये कोण उभं होतं याचा आहे. गिरगाव-परळच्या चाळीत मध्ये घरमालक होता. नळजोडणी त्याच्या नावावर, कर तो भरणार, संडास दुरुस्त करायची नोटीस त्यालाच. १९२२ च्या सुधारणेनं महिना दहा रुपये भाडं भरणाऱ्याला मत मिळालं खरं, पण भाडेकरूचा महापालिकेशी रोजचा संबंध आला तो मालकाच्या आडूनच. पुढे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली आणि भाड्यानं देण्यासाठी इमारत बांधणं हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला. नेमक्या त्याच सुमारास उपनगरं भरू लागली. तिथे घरमालक नावाचा प्राणी उरलाच नव्हता; त्याची जागा सहकारी गृहनिर्माण संस्थेनं, रोजच्या भाषेत सोसायटीनं घेतली. माझं म्हणणं असं, की उपनगरातला माणूस महापालिकेपुढे एकटा नागरिक म्हणून फारसा कधी उभाच राहिला नाही. तो सभासद म्हणून उभा राहिला, आणि सेवा मागायची, मोजायची आणि त्यांवर रागवायची त्याची सगळी रीत त्यातून घडली.

या संस्थेचा उगम मात्र शहरातलाच. गावदेवीला १९१५ मध्ये सारस्वत मंडळींनी रावबहादूर तलमकींच्या पुढाकारानं संस्था काढली, ती आद्य मानली जाते. वांद्र्याची सालसेट कॅथलिक सोसायटी १९१८ ची. जातीच्या, धर्माच्या ओळखीवर उभ्या राहिलेल्या या संस्थांना जमीन आणि कर्ज हवं होतं. पण १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यानंतर आणि विशेषतः १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्यानंतर चित्र पालटलं. बिल्डरनं सदनिका विकल्या की खरेदीदारांची संस्था स्थापून द्यायची आणि इमारत-जमिनीचं अभिहस्तांतरण तिच्या नावे करायचं, असं बंधन आलं. बिल्डरांनी यातला दुसरा भाग सर्रास टाळला, म्हणून २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. पहिला भाग मात्र घट्ट रुजला. पाण्याची जोडणी सोसायटीच्या नावावर, मीटर एक, बिल एक. महापालिकेचा चावीवाला ठरल्या वेळी व्हॉल्व्ह उघडणार, पाणी जमिनीखालच्या टाकीत पडणार. तिथून पंपानं गच्चीवर चढवायचं, वाटायचं, टाकी धुवायची, गळती शोधायची ही सेक्रेटरीची डोकेदुखी. महापालिका गेटपर्यंत येते आणि तिथेच थांबते.

यावर पहिला आक्षेप असा, की उपनगरं रेल्वेनं घडवली, सोसायट्यांनी नव्हे. १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावली नसती तर कोण कशाला मालाडला राहायला गेलं असतं? हे मान्यच आहे. पण रेल्वेनं माणसं नेऊन सोडली. पाणी, गटार, कचरा हे तिचं काम नव्हतं. ते कसं मिळालं याचं उत्तर गोरेगावात दिसतं. मृणाल गोरे आधी तिथल्या ग्रामपंचायतीत आणि १९६१ पासून महापालिकेत होत्या, त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव पडलं ते पाण्याच्या मोर्च्यांमुळे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हा सगळा फ्लॅटवाल्यांचा इतिहास झाला, झोपडपट्टीचं काय? पण तिथेही महापालिकेनं जोडणी दिली ती घरांच्या गटाला, त्यांनी आपल्यातून नेमलेल्या सेक्रेटरीच्या हाती. तत्त्व तेच, फक्त गटात शिरायला आधी तारखेचा पुरावा. १ जानेवारी १९९५ पूर्वीचं घर अधिकृत ठरलं, पुढे ती तारीख २००० वर सरकली. त्यानंतर आलेल्यांनाही पाणी नाकारता येत नाही, हे उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं. सर्वांसाठी पाण्याचं धोरण यायला मे २०२२ उजाडलं. तेव्हा आक्षेपानं मूळ म्हणणं खोटं पडत नाही, कठोर होतं. ज्याला गट नाही त्याला नळ नाही.

मग ही पद्धत वाईटच का? सरसकट तसं म्हणता येणार नाही. हिशेब मांडणं, सभेचं इतिवृत्त लिहिणं, वॉर्ड ऑफिसात अर्ज देऊन पोच घेणं हे शिक्षण लाखो कुटुंबांना सोसायटीनंच दिलं. पण तिनं गेटच्या आतलं ते आपलं आणि बाहेरचं ते कुणाचंच नाही ही वृत्तीही पोसली. १९९७ च्या सुमारास घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये सुरू झालेला एएलएमचा, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंटचा प्रयोग हे गेट गल्लीच्या टोकापर्यंत ढकलण्याचा प्रयत्न होता. काही गल्ल्यांत तो टिकला, पुष्कळ ठिकाणी दोन-चार निवृत्त माणसांच्या उत्साहाबरोबर विरला. महापालिकेनं मात्र त्यातून आपल्या सोयीचा धडा घेतला. ऑक्टोबर २०१७ पासून वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या किंवा दिवसाला शंभर किलोहून जास्त कचरा करणाऱ्या संकुलांनी ओल्या कचऱ्याची विल्हेवाट आपल्याच आवारात लावावी, असा फतवा निघाला. सोसायट्यांनी ओरड केली, आम्ही कर कशासाठी भरतो असं विचारलं. प्रश्न रास्त होता, पण पाण्याच्या बाबतीत तीच वाटणी त्यांनी कित्येक दशकं मुकाट्यानं स्वीकारली होती. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून कारभार प्रशासकाच्या हाती गेला, तेव्हाही उपनगरांतला रोजचा व्यवहार फारसा अडला नाही. अर्ज घेऊन जाणारे सेक्रेटरी वॉर्ड ऑफिसला पूर्वीपासूनच ओळखीचे होते. अडलं ते पदपथ, नाला, मैदान यांचं, कारण ही कुठल्याच सोसायटीच्या सातबाऱ्यावर नसतात आणि त्यांच्यासाठी भांडायला एखादा नगरसेवक तरी लागतो.