बदकांच्या घराचा खर्च कोण करतं? अमेरिकेचा डक स्टॅम्प आणि येलदरीचं पाणी

थंडी पडायला लागली की मराठवाड्यातल्या धरणांवर पाहुणे उतरतात. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक असे कितीतरी पक्षी हिमालयापलीकडून येतात आणि चार-पाच महिने इथंच मुक्काम करतात. परभणी जिल्ह्यात त्यांना उतरायला मोठी जागा म्हणजे जिंतूर तालुक्यातलं पूर्णा नदीवरचं येलदरी धरण, सेलू तालुक्यातला निम्न दुधना प्रकल्प आणि गोदावरीचं पात्र.

या पक्ष्यांची शिकार केली तर आपल्याकडे तुरुंगवास होऊ शकतो. अमेरिकेत मात्र ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या संख्येपर्यंत बदकं मारायला परवानगी आहे. गंमत अशी, की तिथं पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या लाखो एकर जमिनीचे पैसे या शिकाऱ्यांच्याच खिशातून आलेत, तेही एका छोट्या स्टॅम्पमधून.

हा स्टॅम्प काय आहे? आपल्याकडे तो का नाही? आणि शिकार बंद असलेल्या देशात पाणपक्ष्यांच्या घराचा खर्च कोण करतं?

डक स्टॅम्प म्हणजे काय?

दिसायला तो टपाल तिकिटासारखा असतो, पण पत्रावर लावून चालत नाही. अमेरिकेत १६ वर्षं किंवा त्याहून मोठ्या कुणालाही बदक, हंस असे स्थलांतरित पाणपक्षी मारायचे असतील तर राज्याच्या परवान्याबरोबर केंद्र सरकारचा हा स्टॅम्पही घ्यावा लागतो. तो १ जुलै ते पुढच्या वर्षीच्या ३० जूनपर्यंत चालतो. किंमत २५ डॉलर, म्हणजे आपले दोन हजार रुपयांहून जास्त.

सुरुवात झाली १९३४ मध्ये. तेव्हा अमेरिकेत मोठा दुष्काळ पडला होता, पाणथळ जागा बुजवून शेती केली जात होती आणि बदकांची संख्या झपाट्यानं घटत होती. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्या वर्षी मार्चमध्ये स्टॅम्पच्या कायद्यावर सही केली. पहिल्या स्टॅम्पचं चित्र काढलं जे. एन. 'डिंग' डार्लिंग यांनी. ते पुलित्झर मिळवलेले व्यंगचित्रकार होते आणि स्वतः शिकारही करायचे. तेव्हा किंमत होती १ डॉलर आणि पहिल्याच वर्षी ६ लाख ३५ हजार स्टॅम्प विकले गेले.

१९४९ पासून स्टॅम्पवरच्या चित्रासाठी दरवर्षी खुली स्पर्धा होते. त्यामुळे बंदूक कधी हातात न घेतलेले पक्षीनिरीक्षक आणि तिकिटं जमवणारेही तो विकत घेतात. शिवाय ज्या राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानांना प्रवेश शुल्क आहे, तिथं हा स्टॅम्प दाखवला की वेगळे पैसे पडत नाहीत.

हे पैसे जातात कुठे?

दर डॉलरमधले ९८ सेंट एका वेगळ्या निधीत जातात. या निधीतून फक्त पाणथळ जमीन आणि पक्ष्यांच्या अधिवासाची जमीन विकत किंवा करारानं घेतली जाते. पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळत नाही. आतापर्यंत या मार्गानं ६० लाख एकरांहून जास्त जमीन राखली गेली आहे.

यातला करार हा भाग महत्त्वाचा आहे. प्रत्येक वेळी शेतकऱ्याला उठवून जमीन ताब्यात घेतली जात नाही. जमीन शेतकऱ्याचीच राहते, पण त्यातली पाणथळ जागा बुजवायची नाही, तिचा निचरा करायचा नाही, असं तो लिहून देतो आणि त्याचा मोबदला घेतो.

मग भारतात असा स्टॅम्प का नाही?

कारण साधं आहे. आपण शिकारच बंद केली.

एकेकाळी आपल्याकडेही बदकांची शिकार हा मोठा षोक होता. राजस्थानातल्या भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी ठेवलेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा तिथल्या शिलालेखावर कोरलेला आहे. आज हीच जागा केवलादेव राष्ट्रीय उद्यान आणि जागतिक वारसास्थळ आहे.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हाही शिकार पूर्ण बंद झाली नव्हती. मूळ कायद्यात शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती आणि बदकं 'लहान शिकार' या गटात मोडत होती. १९९१ च्या दुरुस्तीनं ही परवाना पद्धतच काढून टाकली. आता काही मोजके अपवाद सोडले तर वन्य प्राणी-पक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे. कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यानुसार सर्वसाधारण गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पक्षी पहिल्या अनुसूचीतला असेल तर किमान ३ वर्षांची कैद आहे.

म्हणजे भारतानं पक्ष्याला कायद्याचं कवच दिलं. पण अमेरिकेत शिकाऱ्याकडून जो ठरलेला पैसा येतो, तसा एखादा झरा आपल्याकडे तयार झाला नाही.

मग आपल्या अभयारण्यांना पैसे कुठून मिळतात?

मुख्य मार्ग चार आहेत.

१. केंद्र-राज्य योजना : 'वन्यजीव अधिवासांचा एकात्मिक विकास' या योजनेतून अभयारण्यांना मदत मिळते. महाराष्ट्रासारख्या राज्यात खर्चाची विभागणी केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के अशी असते.

२. पाणथळ जागांची योजना : २०१३ मध्ये तलाव आणि पाणथळ जागांच्या दोन जुन्या योजना एकत्र करून जलीय परिसंस्थांसाठी एक राष्ट्रीय योजना करण्यात आली. इथंही ६०:४० हेच प्रमाण आहे.

३. कॅम्पा निधी : रस्ता, खाण किंवा इतर प्रकल्पासाठी वनजमीन दिली की त्याची भरपाई घेतली जाते. २०१६ च्या कायद्यानुसार यातला ९० टक्के पैसा राज्यांना मिळतो. तो वनीकरणाबरोबर वन्यजीव व्यवस्थापनावरही खर्च करता येतो.

४. राज्याचं बजेट आणि प्रवेश शुल्क : कर्मचाऱ्यांचे पगार, गस्त, निरीक्षण मनोरे यांचा बराच भार राज्याच्या वन विभागावर असतो.

यातही वाघ आणि बदक यांच्यात फरक पडतो. व्याघ्र प्रकल्पांसाठी स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद कायद्यातच आहे, त्यामुळे पर्यटकांकडून आलेला पैसा तिथंच खर्च करता येतो. ही तरतूद फक्त व्याघ्र प्रकल्पांना लागू आहे, पक्षी अभयारण्यांना नाही.

परभणीची अडचण नेमकी काय आहे?

वर दिलेले मार्ग उघडायला बहुतेक वेळा एक किल्ली लागते. ती जागा कागदोपत्री 'अभयारण्य' किंवा 'पाणथळ' असावी लागते.

परभणीत नैसर्गिक जंगल फारच थोडं आहे आणि मोठे जलाशय माणसानं बांधलेले आहेत. येलदरी धरण १९६८ मध्ये पूर्ण झालं ते सिंचन आणि विजेसाठी. पाणथळ जागांच्या संवर्धनासाठी केंद्र सरकारनं २०१७ मध्ये नियम केले. पण पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी खास बांधलेल्या जलाशयांना त्यांनी पाणथळ जागेच्या व्याख्येतूनच वगळलं आहे.

याचा अर्थ असा : येलदरीच्या पाण्यावर बसलेल्या बदकाला कुणी जाळं लावलं तर गुन्हा दाखल होतो. पण ते बदक ज्या उथळ काठावर पोट भरतं, तो काठ २०१७ च्या नियमांच्या दृष्टीनं पाणथळ जागाच नाही.

आणि बदकासाठी काठच सगळ्यात मोलाचा असतो. थापट्या, तलवार बदक हे पक्षी उथळ पाण्यातच चरतात, धरणाच्या खोल पाण्यात त्यांना फारसं खायला मिळत नाही. हिवाळा सरत जातो तसं पाणी ओसरतं, काठ उघडा पडतो आणि तिथं गाळपेर शेती सुरू होते. हरभरा, गहू, भाजीपाला घेतला जातो, मोटारी बसतात. ज्या शेतकऱ्याची जमीन धरणात गेली, त्याच्यासाठी गाळपेर हा पोटाचा प्रश्न आहे. म्हणून 'शेती बंद करा' एवढं सांगून हा प्रश्न सुटत नाही.

धरणाचं अभयारण्य होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि उदाहरण परभणीच्या ओळखीचं आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा परभणी जिल्ह्यापर्यंत येतो. ज्या नाथसागराचं पाणी इथल्या शेताला मिळतं, तोच नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. त्याचं क्षेत्र ३४१ चौरस किलोमीटर.

दुसरं उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरचं. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर १९११ च्या सुमारास पाण्यासाठी बंधारा बांधला गेला. पुढं त्यात गाळ साचला, बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्ष्यांना आयतं घर मिळालं. तेही १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. त्यानंतर त्याच वर्षी लोणार आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी या यादीत आली.

मात्र नुसत्या नावानं पैसा येत नाही. रामसरचा दर्जा म्हणजे आंतरराष्ट्रीय ओळख आणि जबाबदारी, त्याच्याबरोबर आपोआप निधी मिळत नाही. गाळपेर शेती आणि मासेमारीचा प्रश्न अभयारण्य झालेल्या जायकवाडीतही आहेच.

येलदरीसारख्या ठिकाणी मधला मार्गही आहे. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनं 'संवर्धन राखीव' हा प्रकार आणला. सरकारी मालकीच्या जागेवर, स्थानिक लोकांशी चर्चा करून तो जाहीर करता येतो आणि अभयारण्याइतके कडक निर्बंध त्यात नसतात. शिवाय अधिवास विकासाच्या केंद्रीय योजनेत संरक्षित क्षेत्राबाहेरच्या वन्यजीवांसाठीही एक घटक आहे.

डक स्टॅम्पमधून काय घेण्यासारखं आहे?

शिकार परत सुरू करावी, हा त्याचा धडा नाही. घेण्यासारख्या गोष्टी दोन आहेत. पहिली, पक्ष्यांच्या नावानं गोळा झालेला पैसा पक्ष्यांच्या जागेवरच खर्च व्हावा. दुसरी, ज्याच्या शेतामुळे पक्ष्याची जागा टिकणार आहे, त्या शेतकऱ्याला मोबदला मिळावा. हिवाळ्यात काठाचा एखादा पट्टा न पेरता सोडणाऱ्या गाळपेर शेतकऱ्याला त्या हंगामाचे पैसे मिळाले, तर बदक आणि शेतकरी दोघांचंही निभावतं.

तोपर्यंत सामान्य माणूस काय करू शकतो?

- नोंद करा : दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. भारतात तिच्यामागे बीएनएचएस आणि वेटलँड्स इंटरनॅशनल या संस्था असतात. 'ई-बर्ड' या मोफत अ‍ॅपवर वर्षभर नोंद करता येते. कोणत्या धरणावर किती पक्षी येतात याचा आकडाच नसेल, तर त्या जागेसाठी निधी मागायला आधार राहत नाही.
- शिकार दिसली तर कळवा : जाळी, फासे किंवा बदकांची विक्री दिसली तर वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा.
- फोटो काढताना अंतर ठेवा : रीलसाठी थवा उडवू नका. दरवेळी उडताना पक्ष्याची ताकद खर्च होते आणि हिवाळा संपला की त्याला परतीचा हजारो किलोमीटरचा प्रवास करायचा असतो.