खाडीकाठची ठिणगी

चेंदणी कोळीवाड्यातील आमच्या वाडवडिलांचे खाडीशी नाते होते ते वल्ह्याचे आणि शिडाचे. भरती-ओहोटी पाहून निघावे आणि भरती-ओहोटी पाहूनच परतावे, हा त्यांचा नित्यक्रम. पुढे या नात्यात यंत्र आले. त्या यंत्राचा इतिहास हा आपल्या ज्ञातीच्याही इतिहासाचा भाग होय, म्हणून हा अल्प प्रयत्न.

निमित्त घडले ते असे. आमच्या थोरल्या चुलत्यांचे बिऱ्हाड आता नौपाड्यात आहे. होडीच्या मागील फळीस बाहेरून अडकवावयाचे त्यांचे जुने पेट्रोल इंजिन तेथे गॅलरीत धूळ खात पडले होते. ते भंगारात द्यावे, असे घरात ठरले. काका एवढेच म्हणाले, “एकदा चालू करून बघू, मग काय ते करा.”

अशा इंजिनाचा प्राण म्हणजे ठिणगी. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलविला असता तारेत वीज उत्पन्न होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखविले. याच तत्त्वावर जर्मनीत रॉबर्ट बॉश यांनी १८८७ मध्ये इंजिनासाठी मॅग्नेटो बनविला. त्यांचेच सहकारी गोट्लोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. १९०९ साली अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी होडीस बाहेरून लावावयाची इंजिने विक्रीस आणली. हे गृहस्थ जन्माने नॉर्वेचे. योगायोग असा की, त्याच नॉर्वेच्या साहाय्याने आजच्या केरळातील नींदकरा येथे १९५३ मध्ये मासेमारीच्या सुधारणेचा प्रकल्प सुरू झाला व यांत्रिक नौकांस चालना मिळाली. आपल्या किनाऱ्यावरील मोठ्या नौकांनी मात्र आत बसविलेले डिझेल इंजिन स्वीकारले. त्यात दट्ट्याने दाबलेली हवा एवढी तापते की, डिझेल आपोआप पेटते. त्यास ठिणगी लागतच नाही. त्यामुळे ठिणगीची विद्या लहान होडीवाल्यांपाशीच राहिली.

काकांच्या इंजिनाचा प्लग काढून तो इंजिनाच्या अंगास टेकविला व दोरी ओढली. ठिणगी नाही! एका कारागिराच्या सल्ल्याने आम्ही नवी कॉईल आणली. तो खर्च व्यर्थ गेला. तेव्हा काकांनी फ्लायव्हील उतरविण्यास सांगितले. त्याखाली पॉइंट असतात. ते उघडताच कॉईलमधील प्रवाह तुटतो आणि त्या क्षणी हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगच्या फटीत ठिणगी उडते. खाडीच्या खाऱ्या हवेने त्या पॉइंटांवर गंज चढला होता. काका म्हणाले, “पडून राहिलेल्या इंजिनाचं दुखणं आधी इथं शोधावं.”

पॉलिश पेपरने पॉइंट घासले, स्वच्छ पुसले, कंडेन्सर बदलला. आता फट अर्ध्या मिलिमीटरची ठेवावयाची. काकांचा हात थरथरू लागला आणि आमची दृष्टी अधू. अखेर त्यांच्या नातीने ती पट्टी लावून नेमकी जुळविली. पुन्हा दोरी ओढली आणि निळी ठिणगी चमकली. पाण्याच्या पिंपात इंजिन बुडवून चालू केले, तेव्हा काका उठून उभे राहिले. कोणी काही बोलले नाही. भंगाराची गोष्टही पुन्हा निघाली नाही.

ठाणे खाडीच्या काही भागास २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा व २०२२ मध्ये रामसर स्थळाचा मान मिळाला. पाहुण्या पक्ष्यांची नोंद होते, याचा आम्हांस आनंदच आहे. पण या खाडीवर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलेल्यांच्या विद्येची नोंद कोणी ठेवावी? ती आपणच ठेवली पाहिजे. काकांनी हाताने जे जाणले, ते कोणत्याही वहीत नव्हते. प्रत्येक घरी असा एखादा वडीलधारा आहे. ज्ञातीतील मुलामुलींनी त्याच्याजवळ बसून विचारावे, लिहून घ्यावे आणि हातानेही करून पाहावे. गंज लोखंडावर चढतो, तसा विद्येवरही चढतो. वेळीच हात फिरला, तर ठिणगी पुन्हा उडते.