हजेरीपटावरची शेतकरीण

रांजणगाव म्हटले की परगावच्या माणसाला महागणपती आठवतो, फार तर 1990 नंतर उभे राहिलेले कारखाने. शिरूर तालुक्याचा हा कोरडवाहू पट्टा बाजरी, मटकी, हुलग्यावर जगवला कोणी, हे मात्र आपल्या शेतीच्या इतिहासाने विचारलेले नाही. तो इतिहास धरणांचा, बागायतदारांचा, साखर कारखान्यांचा. खुरपे धरणारी बाई त्यात नाही. महारवाड्यातली तर नाहीच नाही.

माझी आजी याच शिवारात राबली, बहुतेक दुसऱ्याच्या बांधावर. बी निवडायचे, राख लावून मडक्यात जपायचे, खुरपणी, काढणी, वारे देणे. नांगर सोडला तर शेतीचे कोणते काम तिने केले नाही? तरी कोणी विचारले की घरातले पुरुष सांगत, "ती होय, घरीच असते." सरकारही तेच म्हणत होते. 1971 च्या जनगणनेने माणसाला आधी त्याचे मुख्य काम विचारले. 1961 ची व्याख्या सैल होती. नव्या व्याख्येने कामकरी स्त्रियांची संख्या कागदावर एकदम कोसळली. बायांनी खुरपे खाली ठेवले नव्हते, रकाना बदलला होता.

दुसऱ्याच वर्षी दुष्काळ पडला. मे 1973 मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसे होती. कालपर्यंत 'घरीच असणाऱ्या' बाया खडी फोडू लागल्या, पाझर तलावांची माती वाहू लागल्या, सुकडी खाऊन दिवस काढू लागल्या. हजेरीपटावर त्यांचे नाव, दिवस, मजुरी आणि अंगठा उमटला. याच अनुभवातून पुढे 1977 चा रोजगार हमी कायदा झाला. पण तलावाचे पाणी झिरपले ते ज्यांना विहीर होती त्यांच्या विहिरीत. माती वाहणारीला जमीनच नव्हती.

आणि जिथे होती तिथे? हाडोळ्याच्या तुकड्यासाठी अख्खे घर वेठीला जुंपले जाई, बाईसुद्धा. या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली, जमिनी नव्या शर्तीने वतनदारांच्या नावे झाल्या. वतनदार म्हणजे पुरुष. 1964 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहात बाया कडेवर मुले घेऊन तुरुंगात गेल्या. सातबाऱ्यावर त्यांचे नाव लागावे, ही मागणी मात्र आपल्या चळवळीने लावून धरली नाही. हे आपण आपल्यालाच सुनावले पाहिजे. पुढे औद्योगिक वसाहतींसाठी जमिनी गेल्या तेव्हा मोबदला खातेदाराला मिळाला. राबणारी खातेदार नव्हती.

बाहत्तरच्या कामांवर विशीत गेलेल्या बाया आज सत्तरी ओलांडून बसल्या आहेत. शिरूर-दौंडच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे वही घेऊन जावे: कोणता तलाव, किती दिवस, किती मजुरी, आणि आज त्या पाण्यावर कोणाचा ऊस उभा आहे. तहसील कचेरीत जुने हजेरीपट उरले असतील तर तेही मागावेत, रद्दीत जाण्याआधी.