एकशे विसावी

इतिहास म्हणजे पहिल्या आलेल्यांची नावे, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. पहिला पेशवा कोण, पहिली आगगाडी कुठून कुठे धावली, अशी प्रश्नोत्तरे घोकून मी मॅट्रिक झालो. आणि पुढे शाळेत मास्तर झाल्यावर तीच प्रश्नोत्तरे मुलांकडून घोकून घेतली. कादंबऱ्या लिहू लागलो तेव्हाही हे खूळ सुटले नाही. माझ्या नायिका हाल सोसत, पण शेवटच्या प्रकरणात कुठे ना कुठे पहिल्या येत. ही समजूत मोडली ती एका १२०व्या क्रमांकाने.

रोडपाली हे आमचे गाव पनवेलजवळ, कळंबोलीला लागून. एका अंगाला जुने गावठाण, दुसऱ्या अंगाला सिडको आल्यानंतर उठलेल्या इमारती, आणि तलाव. लोखंड बाजाराकडे जाणाऱ्या ट्रकांची घरघर अहोरात्र चालू असते. अशा गावात ऑलिंपिकच्या गप्पा चार वर्षांतून एकदा, पंधरा दिवस होतात. १४ ऑगस्ट २०१६, रविवार. रिओ द जानेरो येथे स्त्रियांची मॅरेथॉन होती. तिथली सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत त्या शर्यतीत होती. रात्री निकाल कळला : कविता राऊत, १२०वी, २ तास ५९ मिनिटे २९ सेकंद.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन आटोपून आम्ही मास्तर मंडळी चहाला बसलो होतो. कोणी तरी म्हणाले, "एवढ्या लांब जायचं, आणि यायचं एकशे विसावं!" सगळे हसले. मीही हसलो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. हसून झाल्यावर तो जुने आकडे चाळू लागतो. त्या आकड्यांनी माझे हसू घालवले.

१८९६ साली अथेन्सला पहिले अर्वाचीन ऑलिंपिक सामने भरले. तिथली मॅरेथॉन स्पिरिडॉन लुईस या ग्रीक माणसाने जिंकली आणि त्याचा सगळ्या ग्रीसने जयजयकार केला. त्याला लागलेला वेळ होता २ तास ५८ मिनिटे ५० सेकंद. म्हणजे आमच्या १२०व्या मुलीपेक्षा एक मिनिटसुद्धा कमी नाही! आणि लुईसचे अंतर होते सुमारे ४० किलोमीटर. कविताचे ४२ किलोमीटर १९५ मीटर. मी फळ्यावर त्रैराशिक मांडले. कविताच्या सरासरी वेगाने ४० किलोमीटर २ तास ५० मिनिटांच्या आसपास होतात. म्हणजे ज्याच्या नावाचे पुढे स्टेडियम उभे राहिले, तो वीर आमच्या सावरपाड्याच्या मुलीच्या आठ-एक मिनिटे मागे राहिला असता. १२० वर्षांचे अंतर, १२०वा क्रमांक; योगायोगाला मी फार किंमत देत नाही, पण हा मला विसरवत नाही.

त्याच १८९६ साली स्तामाता रेविथी नावाची एक गरीब ग्रीक बाई मॅरेथॉन गावी जाऊन थडकली होती. तिला शर्यतीत घेतले नाही. पुरुषांची शर्यत झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती एकटीच धावली. अथेन्सला पोहोचली तेव्हा तिला स्टेडियममध्ये पाऊल टाकू दिले नाही. तिला कुठलाच क्रमांक मिळाला नाही. एकशे विसावी म्हणवून घ्यायलासुद्धा आधी यादीत नाव लागते, हे मला तेव्हा उमगले.

ते नाव यादीत यायला अठ्ठ्याऐंशी वर्षे लागली. मध्यंतरी काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमला स्त्रियांना प्रथमच ८०० मीटर धावू दिले. जर्मनीची लिना राड्के पहिली आली, तीही जागतिक विक्रम करून. जपानची हितोमी दुसरी. अंतिम शर्यतीत नऊ जणी होत्या आणि नवांनीही शर्यत पुरी केली. पण वर्तमानपत्रांनी छापले काय, तर बिचाऱ्या बाया धडाधड कोसळल्या! पुरुष धावून जमिनीवर पडला तर त्याने शर्थ केली, आणि बाई पडली तर तिला झेपले नाही, असा हा न्याय. त्या बातम्यांचा आधार घेऊन ती शर्यतच काढून टाकली गेली, आणि १९६० पर्यंत ऑलिंपिकमध्ये स्त्रियांनी २०० मीटरच्या पुढे धावायचे नाही असे ठरले. १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताच्या स्त्रिया प्रथमच ऑलिंपिकमध्ये उतरल्या. त्यांत आपल्या वांद्र्याची मेरी डिसूझा होती. ती १०० आणि २०० मीटर धावली. अधिक लांब धावायची तिची इच्छा असती, तरी वाट बंद होती.

पुढे अमेरिकेत बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये १९६६ साली बॉबी गिब झुडपात लपून राहिली आणि शर्यत सुरू झाल्यावर पुरुषांच्या घोळक्यात मिसळली. १९६७ साली कॅथरिन स्विट्झर रीतसर क्रमांक लावून धावली, तर शर्यतीच्या एका अधिकाऱ्याने धावता धावता तिच्या अंगावरचा क्रमांक ओढायचा प्रयत्न केला. १९८४ साली मात्र लॉस एंजेलिसला स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली. जोन बेनॉइट २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत जिंकली. पण लोकांच्या ध्यानात राहिली ती ३७वी आलेली स्वित्झर्लंडची गाब्रिएला अँडरसन-शीस. उन्हाने तिचे अंग वाकडे झाले होते, पाय ओढत ती स्टेडियममध्ये शिरली. वैद्य जवळ आले की ती अंग चोरून बाजूला होई. त्यांनी हात लावला असता तर ती बाद झाली असती. ती रेषा ओलांडूनच पडली. छप्पन्न वर्षांपूर्वी एवढ्यावरून शर्यत बंद पडली असती. या वेळी ती बंद पडली नाही.

आता आपल्याकडचे पाहा. लांब धावणे हा आपल्या मुलखाला काही नवा प्रकार नाही. १९१९ साली पुण्याला डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत सर दोराबजी टाटांनी अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरे पाहिली, आणि त्यातूनच १९२० साली अँटवर्पला हिंदी खेळाडू पाठवण्याचा उद्योग सुरू झाला. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन धावले आणि १९वे आले. त्यानंतर मॅरेथॉनच्या रस्त्यावर सावरपाड्याची मुलगी यायला ९६ वर्षे जावी लागली.

कविता राऊतही लहानपणी अनवाणीच धावली. आदिवासी पाडा, डोंगराची वाट, लांबून आणायचे पाणी. तिथे पायांना सराव मुद्दाम द्यावा लागत नाही. नाशिकला विजेंदर सिंग या प्रशिक्षकांनी तिला घडवले. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत १०,००० मीटरमध्ये तिने कांस्यपदक घेतले. त्या सामन्यांत धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई सामन्यांत रौप्यपदक. २०१२ साली अर्जुन पुरस्कार. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई सामन्यांची मॅरेथॉन तिने २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंदांत जिंकली आणि रिओचा दरवाजा उघडला.

रिओला ऊन कडक होते. केरळची ओ. पी. जैशा ८९वी आली आणि रेषा ओलांडून कोसळली. वाटेत पाणी मिळाले की नाही, यावर पुढे बरेच दिवस वाद चालला. कविताला गुवाहाटीपेक्षा जवळजवळ २१ मिनिटे अधिक लागली. तिचा तो दिवस नव्हता, हे कबूल केले पाहिजे; पराभवाला विजय म्हणणे हे इतिहासाचे काम नव्हे. पण अशा दिवशीही ती रस्ता सोडून बाजूला झाली नाही. त्या दिवशी पहिली आलेली केनियाची जेमिमा सुमगोंग पुढच्याच वर्षी उत्तेजक द्रव्याच्या तपासणीत सापडली आणि तिच्यावर बंदी आली. तेव्हा पहिला क्रमांक कोणाचा, एवढ्यावर इतिहास संपत नाही. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही चहा पिऊन हसलो त्याच १५ ऑगस्टला, साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत धावली. १९८४च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय. दुष्काळी माण आणि डोंगरातला सावरपाडा, दोन्हीकडच्या मुली दोन दिवसांत!

हे सारे वाचताना मला सारखी एक जुनी यादी आठवत होती. ती अ‍ॅमस्टरडॅमची नव्हे. माझ्या स्वतःच्या हस्ताक्षरातली.

मी नवा मास्तर होतो. एका लहान शाळेत स्नेहसंमेलनाचे खेळ माझ्याकडे आले होते. मुलांना तलावाभोवती तीन फेऱ्या. मुलींना १०० मीटर, लिंबू-चमचा आणि संगीतखुर्ची. सातवीतली एक मुलगी यादी वाचून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, तलावाच्या फेऱ्यांत माझं नाव घाला." मी म्हणालो, "मुलींना एवढं झेपत नाही." तिने वाद घातला नाही. शर्यतीच्या दिवशी ती मुलांची दप्तरे सांभाळीत काठावर उभी होती, आणि तिसऱ्या फेरीत चालू लागलेल्या मुलांकडे पाहत होती.

१९२८ सालच्या त्या साहेब लोकांवर रागवायचा मला काय अधिकार? त्यांचे वाक्य त्यांच्याशी ओळख नसताना मी रोडपालीच्या तलावाकाठी जसेच्या तसे म्हटले होते. इतिहासातले अन्याय फार मोठी माणसे करतात, असे आपण मुलांना शिकवतो. पुष्कळसे अन्याय याद्या करणारे मास्तर करतात.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात मी यादी बदलली. तलावाच्या फेऱ्या मुलामुलींना सारख्या. पहिल्या वर्षी तिघीच उभ्या राहिल्या. त्यांतली एक शेवटपर्यंत धावली. तिचा क्रमांक मी वहीत लिहून ठेवला : अकरावी.

नंतर एकदा कळंबोलीच्या बस थांब्यावर ती जुनी विद्यार्थिनी भेटली. कडेवर मूल, हातात भाजीची पिशवी. तिने ओळखले, वाकून नमस्कार केला. मी कविता राऊतची गोष्ट काढली, आणि बोलता बोलता त्या यादीचीही. माझे चुकले, असे म्हणालो. विद्यार्थ्यासमोर असे म्हणायची मास्तराला सवय नसते. शब्द जरा अडखळले.

ती थोडा वेळ रस्त्याकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, "तेव्हा किती फेऱ्या होत्या, सर?"

"तीन."

तिने मूल या कडेवरून त्या कडेवर घेतले. म्हणाली, "झेपल्या असत्या."